सातच्या बातम्यांसाठी तीन रेडिओ

बाबांचा रेडिओ मीच फोडला. बाबांना गावाहून माझ्याकडे पनवेलला आणत होते, त्या दिवसाची गोष्ट. न्हावा शेव्याच्या रस्त्यावर पुढच्या कंटेनरने करकचून ब्रेक मारला, म्हणून मीही मारला, आणि मागच्या सीटवर गोधड्यांच्या गाठोड्यावर ठेवलेला रेडिओ खाली आदळला. चामड्याच्या कव्हरात होता, त्यामुळे वरून काही दिसलं नाही. घरी आल्यावर चालू करून बघितला, तर आत काहीतरी खुळखुळत होतं आणि आवाज नव्हता. बाबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे बाय. जुना झालाता." ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

काचबिंदूने बाबांची नजर जवळजवळ गेली आहे. उजेड आणि अंधार कळतो, कुणी समोर आलं तर सावली कळते. आई गेल्यावर वर्षभर ते गावातच एकटे राहिले. उरणच्या अंगाला आमचं गाव, एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला पूर्वीची मिठागरं. शेजारचा माझा चुलतभाऊ दिवसातून दोन वेळा डोकावून जायचा. पण दोनदा बाबा पायरीवरून पडले, आणि मग मी हट्टाला पेटले. तेव्हा ते एवढंच म्हणाले, "पंधरा दिस ऱ्हातो. नाय जमला तर परत येईन." हे पंधरा दिवस माझ्या डोक्यावर टांगलेले होते. परत गेले तर तिसऱ्यांदा पडणार, आणि या वेळी उचलायलाही वेळेवर कोणी नसणार, हेच मला दिसत होतं.

रेडिओ त्यांच्यासाठी करमणूक कधीच नव्हता. मीठ उघड्यावर पिकतं. अवेळी पावसाची एक सर आली की महिन्याची मेहनत पाण्यात जाते. म्हणून सकाळी सातच्या बातम्या आणि त्यामागचं हवामान ऐकल्याशिवाय बाबा घराबाहेर पाऊल टाकत नसत. मिठागर गेलं, त्यावर आता कंटेनरचं गोदाम उभं आहे, पण सातच्या बातम्या राहिल्या. आणि त्या बातम्यांच्या वेळेलाच आईला सगळं आठवायचं. कुणाच्या घरी साखरपुडा आहे, कोंबडीने कुठे अंडं घातलं, तांदूळ किती उरले आहेत. नेमकं सात वाजले की तिचं तोंड उघडायचं आणि बाबांचंही. "गप ऱ्हा गो! बातमी लागलीय." ती मिनिटभर गप्प बसायची आणि पुन्हा सुरू. माझं सगळं लहानपण या दोन आवाजांत गेलं. तिसरा आवाज बातम्या देणाऱ्याचा, तो कुणालाच धड ऐकू यायचा नाही.

माझ्या घरी आल्यापासून बाबांनी कुणालाही "गप ऱ्हा" म्हटलं नाही. चहात साखर पडायची राहिली तरी "बेस हाय." पंखा जोरात असला तरी "बेस हाय." मनाविरुद्ध काही झालं की गावभर ऐकू जाईल असं ओरडणारा माणूस माझ्या हॉलमध्ये खुर्चीच्या टोकावर बसून राहायचा, एसटी यायची वाट बघत असल्यासारखा. मला ते बघवेना. रेडिओ आला की बाबा पूर्वीचे होतील, असं मी मनाशी धरून बसले. मला एकदा काही सुचलं की धीर धरवत नाही. नवरा म्हणतो, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग ही म्हण तुझ्यावरूनच पडली असेल, फक्त नवरा बदलून बायको करायला हवी.

पहिला रेडिओ दुसऱ्याच दिवशी आणला. ऑफिसमधून निघाले ती सरळ मोठ्या चकचकीत दुकानात. दिसायला काय देखणा! लाकडी पेटी, पितळी बटणं, अगदी जुन्या काळातला वाटावा असा. पेन ड्राइव्ह लागतो, मोबाइल जोडता येतो, गाणं लागलं की पुढे निळा दिवा नाचतो. विकणाऱ्या मुलीला मी विचारलं, "यावर सगळी स्टेशनं लागतात ना?" ती म्हणाली, "सगळी, मॅडम." मी तिला मिडियम वेव्ह असा शब्दसुद्धा विचारला नाही. माझ्या डोक्यात रेडिओ म्हणजे रेडिओ.

बाबांनी तो मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी चाचपला. स्टेशन लावायचं चाक शोधत होते. चाक नव्हतंच. बटण दाबलं की एका गाण्यावरून दुसऱ्या गाण्यावर जायचं, मग जाहिरात, मग मोठ्याने हसणारी दोन माणसं. बाबांनी सगळ्या गाण्यांमधून एक फेरी मारली, परत पहिल्या गाण्यावर आले आणि विचारलं, "यात मुंबई कुठं हाय?" त्या पेटीत फक्त एफएम होतं. बाबांचं मुंबई केंद्र मिडियम वेव्हवर. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं, हे मी दुसऱ्यांना कितीदा सुनावलं असेल.

दुसरा मी मोबाइलवरून मागवला. या वेळी नीट बघितलं, एएम असं लिहिलेलं होतं, आणि अँटेना तर एवढी लांब की उघडली तर खिडकीच्या पडद्याला टेकायची. मला ती लांबीच पटली. आला त्याच्या दुसऱ्या सकाळी साडेसहालाच मी अँटेना उघडून बसले. सात वाजता मुंबई केंद्र लागलं, म्हणजे लागलं असावं, कारण आतून घर्रर्र असा एकसारखा आवाज येत होता आणि त्याच्या पलीकडे कुणीतरी बोलत होतं. मी अँटेना डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. तिला वायर बांधली आणि वायर खिडकीच्या ग्रिलला. रेडिओ फ्रिजवर ठेवला, मग कपाटावर, मग बाथरूमच्या माळ्यावर. बाबा माझ्या पावलांच्या दिशेने मान वळवत होते. बातम्या संपल्या तेव्हा मी स्टुलावर उभी होते.

"बस आता जरा," ते म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा!" हे मी बोलून गेले, आणि मग दिवसभर ऑफिसमध्ये बिलं तपासताना मला तेच ऐकू येत राहिलं.

शेवटी मी जुन्या बाजारातल्या एका म्हाताऱ्या दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याच्या दुकानात आता मिक्सर आणि इस्त्र्याच जास्त येतात. त्याने माझ्या दुसऱ्या रेडिओची अँटेना एका बोटाने खाली मिटवली आणि म्हणाला, "ताई, ही एफएमसाठी. मिडियमला हिचा काही उपयोग नाही." मग एक जुना संच उघडून दाखवला. आत पेन्सिलीएवढी एक काळी कांडी होती, तिच्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली. "मिडियमचा कान हा. कांडी जेवढी लांब तेवढं ऐकू जास्त. म्हणून मोठा, जड रेडिओ घ्यायचा. आणि अँटेना काय फिरवता, अख्खा रेडिओच फिरवायचा. कांडी स्टेशनला आडवी आली की आवाज भरतो, सरळ रोखली की पडतो."

बाबांच्या फुटलेल्या रेडिओचे भाग आता मिळत नाहीत, असं सांगून त्याने मला एक साधा काळा संच दिला. दिवा नाही, पेन ड्राइव्ह नाही. चाक मोठं आणि हळू फिरणारं, बोटाला कळेल असं. मोठे सेल लागतात. "चार्जरवर लावू नका," तो म्हणाला, "तोच घुर्र करतो. आणि घरात खरखर आलीच तर एकदा मेन स्विच बंद करून बघा. मेन बंद केल्यावर थांबली तर चोर घरातला, नाही थांबली तर बाहेरचा." रेडिओ घेताना कुणी इतकं नीट सांगतं हे मला माहीतच नव्हतं. आधी त्याच्याकडेच गेले असते तर आठवडा वाचला असता.

तिसरा रेडिओ चांगला होता. आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्येच मी तो गाडीतून काढून लावून बघितला. स्वच्छ! चौथ्या मजल्यावर घरात नेला आणि पुन्हा घर्रर्र. दुसऱ्या दिवशी पावणेसातला मी मेन स्विच खाली ओढला. फ्रिजची घरघर थांबली. घर गप्प झालं. रेडिओ गप्प झाला नाही. घर्रर्र तशीच.

म्हणजे चोर बाहेरचा. झालं, मला दिशा मिळाली. आधी मी खालच्या ट्रान्सफॉर्मरवर संशय घेतला. मग लिफ्टवर. सोसायटीच्या सेक्रेटरींच्या मागे लागून एका सकाळी सात ते सात दहा लिफ्ट बंद करायला लावली, आणि दूध आणायला गेलेले सहाव्या मजल्यावरचे काका जिन्याने वर येताना आमच्या दारात थांबून धापा टाकत माझ्याकडे नुसते बघत राहिले. लिफ्ट निर्दोष निघाली. नवरा म्हणाला, "तू रेडिओ घेतेयस की मुलीसाठी स्थळ बघतेयस? प्रत्येकात खोट." मी त्याच्याशी दिवसभर बोलले नाही.

एका सकाळी मी बाबांना गच्चीवर नेलं. टाकीच्या कट्ट्यावर गोधडी टाकून बसवलं, रेडिओ मांडीवर दिला. त्यांनी तो हळूहळू फिरवला, जसं मी दुरुस्तीवाल्याकडून शिकून सांगितलं होतं तसा, आणि एका जागी आवाज भरून आला. सगळ्या बातम्या ऐकल्या. हवामान ऐकलं. मग सवयीने त्यांनी तोंड वर आभाळाकडे केलं, जणू पडताळून बघत होते. मी खूश! "इथं बेस वाजते," ते म्हणाले. "पन मानूस टाकीवर किती दिस ऱ्हानार?" गुडघे धरून उतरताना त्यांनी तीनदा दम खाल्ला. हा उपाय रोजचा नव्हता, हे आम्हां दोघांनाही कळलं.

त्याच दुपारी त्यांनी चुलतभावाला फोन लावायला सांगितला. रविवारी सकाळी गाडी घेऊन ये म्हणाले. माझ्या समोरच. मी कपड्यांच्या घड्या घालत होते. मी घडी टाकली आणि म्हणाले, "एका रेडिओसाठी घर सोडून चाललात? लोक काय म्हणतील? मुलीने बापाला दोन आठवडे ठेवलं नाही?"

"रेडिओचा काय नाय," बाबा म्हणाले. "तुजा घर चांगला हाय."

"मग कशाचं आहे?"

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मला इतका राग आला की मी जाऊन गॅसची शेगडी घासली. ती सकाळीच घासली होती.

शनिवारी पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. धोतराच्या दोन जोड्या, गोळ्यांचा डबा, आणि फुटलेला जुना रेडिओसुद्धा, कव्हरासकट. नवीन रेडिओ त्यांनी टेबलावर ठेवला होता, नेणार नव्हते. मी पिशवीकडे बघितलं आणि मला बसवेना. जाणार तर आहेतच, पण ती खरखर कुठून येते हे मला कळल्याशिवाय मी त्यांना जाऊ देणार नव्हते, अशी काहीतरी वेडी जिद्द होती. मी पुन्हा मेन स्विच खाली ओढला. रेडिओ कोणत्याच स्टेशनवर न लावता हातात धरला आणि चालायला लागले. स्वयंपाकघरात घर्रर्र कमी. बेडरूममध्ये कमी. हॉलमध्ये जास्त. टीव्हीपाशी गेले, थोडी कमी. भिंतीकडे वळले, वाढली. आणखी दोन पावलं, आणि रेडिओ इतका किंचाळला की माझ्या हातून सुटला असता.

समोर आईचा फोटो होता. आणि मेन स्विच बंद असताना, अंधारलेल्या हॉलमध्ये, फोटोपुढची विजेची पणती मजेत लुकलुकत होती.

ती पणती मीच लावली होती. आई गेली त्याच आठवड्यात बाजारातून आणली. ज्योत हलल्यासारखा दिवा हलतो तिच्यात. लाइट गेली तरी आईपुढचा दिवा विझू नये म्हणून तिचा प्लग मी मुद्दाम इन्व्हर्टरच्या लाइनवर टाकून घेतला होता, आणि ही सोय मी आल्यागेल्याला कौतुकाने सांगायचे. मेन स्विच बंद केला की घरातली वीज गेली, असं मी धरून चालले होते. इन्व्हर्टर डोक्यातच आला नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. ट्रान्सफॉर्मर झाला, लिफ्ट झाली, सहाव्या मजल्यावरच्या काकांचा दम झाला.

मी पणतीचा प्लग उपटला. घर्रर्र थांबली. चाक फिरवलं तर मुंबई केंद्रावर कुणीतरी शांतपणे शेतकऱ्यांना आंब्याच्या मोहोराबद्दल सांगत होतं. एकेक अक्षर ऐकू येत होतं.

"बाबा!" मी ओरडले. "सापडलं!"

खुर्चीतून आवाज आला, "लाव ती."

"काय?"

"लाइट. तिची लाइट लाव परत."

मी वळून बघितलं. बाबांचं तोंड माझ्याकडे नव्हतं, फोटोच्या भिंतीकडे होतं. त्यांना आश्चर्य वाटलेलं नव्हतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"तू दुसरा रेडिओ आनलास तवाच. तू हापिसात गेलीस, मी घेऊन फिरलो घरात. इथं सगल्यात जास्ती वाजला. वायर काडून पन बगितली. मंग परत लावली."

"मग मला सांगितलं का नाही? मी वेड्यासारखी अख्खी इमारत..." माझा आवाज चढला होता.

"काय सांगू? तुज्या आयशीला गप कर, असा सांगू? चालीस वर्सा तिला गप ऱ्हा, गप ऱ्हा बोल्लो. गेली त्या दिवशी पन. सकालची बातमी लागलीती, ती कायतरी सांगाया आली. मी बोल्लो, गप ऱ्हा. दुपारी ती गेली. काय सांगनार होती ते ऱ्हायलाच. आता परत मी तिला गप करू?"

 वर्षभर हा माणूस त्या एका वाक्याबरोबर एकटा राहिला होता, आणि मी त्याच्या खुर्चीसमोर अँटेना हलवत होते. मी फरशीवर बसले आणि खूप रडले. बाबांनी हात पुढे केला, तो आधी माझ्या खांद्यावर पडला, मग डोक्यावर.

"गावाला बरा," ते थोड्या वेळाने म्हणाले. "तिथं तिच्या फोटूला लाइट नाय, तिला गप कराया नको."

मी उठले, मेन स्विच वर केला, पणती पुन्हा लावली आणि तशीच चपला घालून दुरुस्तीवाल्याकडे गेले. सगळं सांगितलं नाही, एवढंच म्हणाले की फोटोपुढचा दिवा विझवायचा नाही आणि रेडिओही वाजला पाहिजे. त्याने विचारही केला नाही. मागच्या फळीवरून धुळीने भरलेला झिरोचा एक जुना बल्ब काढला, आत तार असलेला, लाल. "या नव्या पणत्यांच्या आत सर्किट असतं, ते ओरडतं," तो म्हणाला. "याच्या आत नुसती तार. हा मुका." होल्डर आणि वायरही त्यानेच जोडून दिली.

घरी आल्यावर पणती काढून मी तो बल्ब फोटोखाली लावला. बाबा विचारत राहिले, "जलते ना? नक्की जलते?" त्यांना तो मंद उजेड कळत नव्हता. मी त्यांना भिंतीपाशी आणलं आणि त्यांचा तळवा बल्बच्या जवळ नेला. पणती कधी गरम व्हायची नाही. हा बल्ब झाला होता. बाबांनी हात बराच वेळ तिथे धरला.

"जलते," ते म्हणाले.  पिशवी दाराशीच राहिली, आणि मला तिच्याबद्दल विचारायचा धीर झाला नाही.

रविवारी चुलतभाऊ सातला पाच कमी असताना आला. परत जाऊन त्याला कुणाच्या तरी साखरपुड्याला पोचायचं होतं, त्यामुळे तो दारातूनच घाई करत होता, लिफ्ट हळू आहे, पार्किंगला जागा नाही, रस्त्यावर कंटेनर लागलेत. बाबा आंघोळ करून, टोपी घालून खुर्चीत बसले होते. या खेपेला खुर्चीच्या टोकावर नाही, पाठ टेकून. रेडिओ मांडीवर होता. ते तो कणाकणाने फिरवत होते, कान खाली घेऊन. आईच्या फोटोखाली लाल बल्ब जळत होता.

मी पिशवी उचलली. म्हटलं, जायचंच असेल तर रडारड न करता जाऊ द्यावं. घसा साफ केला.

"बाबा, गोळ्या मी वरच्या कप्प्यात ठेवल्यात, आणि त्या संध्याकाळच्या..."

"गप ऱ्हा गो!" बाबा ओरडले. सहाव्या मजल्यापर्यंत गेलं असेल. "बातमी लागलीय!"

चुलतभाऊ दारात होता तिथेच चपला काढून खाली बसला. मी पिशवी परत दाराशी ठेवली आणि गप्प राहिले.